मधुकरभाऊंनी ऐकलेला ‘दुबार’

कुठल्याही नव्या खोलीत शिरले की मधुकरभाऊ हिवाळे आधी एक टाळी वाजवायचे. एकच, पण कडक. मग मान खाली घालून उभे राहायचे आणि तो आवाज भिंतींवरून फिरून कसा परत येतो ते ऐकायचे. घरचा माणूस पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभा असला तरी त्यांचं तिकडे लक्ष नसे. लग्नघर असो, विहार असो, सोयरिकीची बैठक असो, सगळीकडे हेच. आमच्या बुलढाण्याच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी दारात चपला काढल्या आणि टाळी वाजवली. आई दचकून स्वयंपाकघरातून बाहेर आली. भाऊंनी तिला जय भीम केला आणि मला म्हणाले, "हे खोली खोटं बोलते बाबू. अटी गायलं तं कोनालेबी वाटते का आपन लय मोठे गवय्ये झालो."

त्या खोलीत आमच्या बँडची तालीम चालायची. बँड तिघांचा. मी गिटार वाजवायचो आणि गायचो, प्राजक्ता कीबोर्ड आणि लॅपटॉप सांभाळायची, सलीम ड्रमवर. प्राजक्ताचं आजोळ लोणारचं, म्हणून तिथल्या सरोवरावरून बँडचं नाव ‘खारं पाणी’ ठेवलेलं. आमचा पहिला अल्बम आम्ही पुण्यात केला होता. चकचकीत झाला होता, आणि कुणाच्याही लक्षात राहिला नाही. आमच्या स्वतःच्याही नाही.

दुसऱ्या अल्बममध्ये आम्हाला लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं आणायचं होतं. लग्नाच्या बँडपार्टीचं क्लॅरिनेट, जयंतीच्या गाण्यांमधला बायांचा कोरस, सलीमच्या मामाची कव्वाली, आणि त्याखाली आमची गिटार नि कॉम्प्युटरवरचे ठोके. शब्द वऱ्हाडी. पहिली पेरणी उगवली नाही म्हणून प्राजक्तानं अल्बमचं नाव ‘दुबार’ ठेवलं. पुण्यातल्या एका स्टुडिओत आम्ही दोन गाणी ऐकवली, तर तिथल्या माणसानं हसत विचारलं, "विनोदी गाणी करताय का?"  परतीच्या बसमध्ये, बुलढाणा जवळ आल्यावर, सलीम म्हणाला, "हमारे गाँव में एक आदमी आहे. त्याले हसू येनार नाही."

सलीमचं गाव देऊळघाट. मधुकरभाऊंचं घरही तिथलंच.

भाऊ अंगानं काटक होते. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, केस तेल लावून मागे वळवलेले. पोरवयात रेडिओ दुरुस्त करता करता ते भोंग्यांकडे वळले, भोंग्यांवरून मोठ्या साउंड सिस्टिमकडे. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी जिल्हाभर स्पीकर लावले. वरात, मिरवणूक, प्रचारसभा. "सोनाळ्यापासून बीबीपर्यंत असं एक गाव नाही जटी माह्या डब्ब्यानं पत्रे हालवले नाही," असं ते सांगायचे. त्यात अभिमान होता, पण सांगताना ते हसत नसत. पुढे लोकांना गाणं नकोच झालं, नुसती छातीत धडधड हवी झाली. एका वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी त्यांचा हात बाजूला सारून आवाज पार शेवटापर्यंत चढवला. भाऊ म्हणायचे, "त्या दिवशी समजलं का इथं ऐकनारं कोनी नाही. म्या एकटा ऐकून राह्यलो."

त्यांनी स्पीकरचे मोठे डबे विकून टाकले आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये स्टुडिओ उभा केला. भिंतींवर अंड्यांचे ट्रे, त्यावर रत्नावहिनींनी शिवलेल्या वाकळी. वहिनी भाऊंच्या पत्नी. त्या शिवणकाम करायच्या, आणि स्टुडिओत कुणी आलं की मशीन बंद करून बसायच्या, कारण तिची घरघर माइकमध्ये यायची. रेकॉर्डिंग म्हणजे मुख्यतः गायनपार्ट्यांची भीमगीतं आणि निवडणुकीच्या घोषणा. आमच्यासारखं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. मी त्यांना दोन गाणी ऐकवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "आवाज हा पाव्हना असते. एकाच सतरंजीवर दहा पाव्हने बसवले तुमी. उठवा काही जनाले."

ऑक्टोबर ते जानेवारी आम्ही त्या शेडमध्ये जायचो. लाइटचं वेळापत्रक पाहून दुपार ठरवायची आणि लाइट जाईस्तोवर काम करायचं. एवढं मन लावून काम करणारा माणूस मी पुण्यातही पाहिला नव्हता. सलीमचे ड्रम शेडमध्ये कोंदट वाटतात म्हणून भाऊंनी गावातलं एक रिकामं गोदाम मागून घेतलं. सोयाबीन नुकतंच बाजारात गेलं होतं. आत शिरून त्यांनी चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवल्या, उत्तरेकडच्या कोपऱ्यात परत गेले, पुन्हा एक वाजवली आणि म्हणाले, "अटी बस बे सलीम. हे जागा तुह्यी वाट पाहून राह्यली."

क्लॅरिनेटवाले काका म्हातारे होते. बँडपार्टी बंद पडल्यापासून त्यांनी वाद्याला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून नुसती हवा निघाली. ते वाद्य पेटीत ठेवायला लागले तेव्हा भाऊ आत गेले, त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांच्याच जुन्या वरातींच्या गोष्टी काढल्या. माइक चालू ठेवला होता. गोष्टी सांगता सांगता काकांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. ‘दुबार’मधल्या चौथ्या गाण्यात जे वाजतं ते तेच.

विहारातल्या बायांना भाऊंनी शेडमध्ये बोलावलं नाही. ते माइक घेऊन विहारात गेले. "त्या तिकडे मोकळ्या गाते. अटी आनल्या तं पदर सावरत बसतीन." प्राजक्ताला ते ताई म्हणायचे आणि तिचा लॅपटॉप म्हणजे त्यांच्या मते ‘दहावा पाव्हना’. तिचे कॉम्प्युटरवरचे ठोके आणि बायांच्या टाळ्या यांचं जमत नव्हतं, तर तीन दुपारी त्यांनी एकेक टाळी हातानं सरकवली. शेवटी दोन्ही एकाच माणसानं वाजवल्यासारखं झालं तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "हां. आता सोयरे झाले."

काही गोष्टी तेव्हा दिसत होत्या, पण आम्ही त्या एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत. पाठीमागून हाक मारली तर भाऊ वळायचे नाहीत. उत्तर वहिनीच द्यायच्या, किंवा जवळ येऊन त्यांच्या खांद्याला हात लावायच्या. एकदा मी गात असताना घरातल्या कुकरची शिट्टी झाली. मी थांबलो. काचेपलीकडून भाऊंनी हात हलवला, काऊन थांबला म्हणून. मी शिट्टीकडे बोट दाखवलं. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "असू दे, मंग काढून टाकू."

सगळी गाणी एकत्र बसवायचं काम सुरू झालं आणि ते टोचायला लागलं. झांजा टोचायच्या, माझ्या गाण्यातला प्रत्येक ‘स’ सुईसारखा यायचा, क्लॅरिनेट कानात शिरायचं. भाऊ मात्र म्हणत होते, "अजून चकाकी पाह्यजे. धुक्यात गाऊन राह्यल्यावानी वाटते." आणि वरचा बारीक आवाज आणखी चढवत होते. आम्ही दबकत सुचवून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमाले मोबाईलवर ऐकाची सवय झाली पोट्टेहो." एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा माणूस. आम्हाला वाटलं, आपलेच कान कच्चे असतील.

जानेवारीतल्या एका दुपारी भाऊ चहा सांगायला घरात गेले होते. स्पीकर नीट आहेत का ते तपासावं म्हणून प्राजक्तानं लॅपटॉपवरून शिट्टीसारखा एक बारीक, सलग आवाज लावला. शेड त्या आवाजानं भरून गेली. सलीमनं कानांवर हात ठेवले. तेवढ्यात भाऊ आत आले, आमच्यासमोरून चालत जाऊन आपल्या खुर्चीवर बसले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

"असे शांत काऊन बसले बे सगळे?"

आवाज चालूच होता. सलीमनं हात हळूच कानांवरून खाली घेतले. प्राजक्तानं बटण दाबलं. आवाज थांबला. भाऊंच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही.

"काही नाही भाऊ," मी म्हणालो. "चहाची वाट पाहत होतो."

त्या दिवशी आम्ही नेहमीसारखं काम केलं. बुलढाण्याच्या रस्त्यावर सलीमनं गाडी बाजूला घेतली. तो म्हणाला, "त्यायले सांगू. आजच सांगू. माहा मोठा मामूबी बहिरा झाला तवा घरच्यायनं लपवलं, त्यानं लय वाईट झालं." प्राजक्ता रडत होती. सांगायचं नाही असं मी ठरवलं. त्यांचं मन मोडेल, कामातून उठतील, असं मी दोघांना पटवलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. हा अल्बम मला वाचवायचा होता आणि ते बोलणं टाळायचं होतं, आणि दोन्ही एकदम करायची वाट मला दिसली होती.

अल्बम बाहेर काढायची सोय लावतो असं भाऊंना सांगून मी सगळी रेकॉर्डिंग घेऊन पुण्याला गेलो. पहिल्या अल्बमच्या वेळच्या ओळखीच्या स्टुडिओत दहा दिवसांत ‘दुबार’ नव्यानं बसवून घेतला. रेकॉर्डिंग भाऊंचंच, फक्त मांडणी दुसऱ्याची. टोचणं गेलं. अल्बम बाहेर आला तेव्हा नावांच्या यादीत मी लिहिलं: ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण – मधुकर हिवाळे, देऊळघाट. मला ते औदार्य वाटलं होतं.

अल्बम चालला. आमच्या मानानं तर खूपच. मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलं, बोलावणी आली. ज्या वऱ्हाडी शब्दांना तिथल्या स्टुडिओत हसले होते तेच शब्द लोक आमच्यासोबत गाऊ लागले. एकानं तर खास लिहिलं की एका खेड्यातल्या टिनाच्या शेडमध्ये बसून कुणी हिवाळे नावाचा माणूस इतकं मऊ, समतोल मिश्रण करतो हे नवल आहे. गावात कुणीतरी ते भाऊंना वाचून दाखवलं. देऊळघाटच्या चौकात त्यांचा सत्कार झाला, शाल दिली. मी त्या दिवशी नागपूरला होतो.

आठवड्यानं आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी शिरा केला होता. भाऊंनी अजून पुरा अल्बम ऐकला नव्हता. "तुमच्यासंगंच ऐकू म्हटलं." त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना बसवलं, कॉम्प्युटरवर पहिलं गाणं लावलं आणि डोळे मिटले.

अर्ध्या गाण्यातच त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी डोळे उघडले, आवाज वाढवला. मग दुसरं गाणं लावलं, मग क्लॅरिनेटवालं.

"कोनं केलं हे?" त्यांनी विचारलं. "यावर तं कांबळं टाकलं कोनीतरी. काकाचं क्लॅरिनेट आतल्या खोलीतून येऊन राह्यलं."

मी म्हणालो, "कंपनीवाल्यांनी वरवर थोडं फिरवलं असेल, भाऊ." असली कुठलीच कंपनी नव्हती.

 भाऊंनी पडद्यावर आवाजाचा आलेख उघडला. त्यात जाड आवाज डावीकडे दिसतात, बारीक उजवीकडे. आपण केलेलं गाणं आणि बाहेर आलेलं गाणं त्यांनी खाली-वर लावलं. त्यांच्या आलेखात उजवीकडे एक उंच चढ होता. आमच्यात तिथं उतार होता. ते कितीतरी वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं पाहत होते. मग प्राजक्ताकडे वळले. तिला खोटं बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"ताई, लोकाले हे चांगलं ऐकू येते?"

"हो भाऊ."

"अन् माह्यं?"

प्राजक्ता खाली पाहत म्हणाली, "टोचतं भाऊ. खूप टोचतं."

"तुमाले कवापासून माहीत हाय?"

"जानेवारीपासून," सलीम म्हणाला.

भाऊंनी मान हलवली. त्यांनी गाणं बंद केलं, पडदा बंद केला, खिशातला टेस्टर काढून टेबलावर ठेवला. राग कुठेच दिसत नव्हता. तो दिसता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "नाव काढा माह्यं."

"भाऊ, काम तुमचंच आहे."

"रेकॉर्डिंग माह्यं, ते ठेवा. हे दुसरं नाही. ज्यानं केलं त्याचं नाव टाका. शाल घेतली म्या याच्यावर, चौकात, सगळ्यायसमोर."

मी म्हणालो, एकदा बाहेर आल्यावर ते बदलता येत नाही. हेही खोटं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण नाव काढलं असतं तर का काढलं असं कुणीतरी विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. भाऊंनी त्यानंतर दोनदा फोन करून विचारलं, "झालं का बाबू ते?" मी दोन्ही वेळा म्हणालो, बघतोय. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

शेडला कुलूप लागलं. गायनपार्ट्या यायच्या, त्यांना भाऊ बुलढाण्याच्या एका स्टुडिओचा पत्ता द्यायचे. पंखे, मोटारी दुरुस्त करायला लागले. सलीम अधूनमधून भेटायचा. तो सांगायचा, ते आता कुठं टाळीबिळी वाजवत नाही, आले की गुमान बसते. मी दोनदा देऊळघाटवरून गेलो आणि थांबलो नाही. एकदा घाई होती. दुसऱ्यांदा नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात आठवडी बाजारात भाजी घेताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते तिथंच गेले. सलीमचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कार्यक्रमाच्या तयारीत होतो. मी कार्यक्रम केला. क्लॅरिनेटचं गाणंही केलं. दुसऱ्या दिवशी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

महिनाभरानं वहिनींचा निरोप आला. कॉम्प्युटर भाच्याला द्यायचा आहे, तुमचं काही त्यात असेल तर काढून घ्या. आम्ही तिघं गेलो. वहिनींनी शेड उघडून दिली. प्राजक्ता आमची गाणी उतरवून घेत होती. टेबलाच्या खणात तार शोधताना तिला एक घडी घातलेला कागद सापडला. कानाच्या डॉक्टरांचा तपासणीचा कागद होता, आम्ही त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो त्याच्या आधीच्या वर्षीचा. त्यावर आलेख होता. डावीकडे रेघ जवळजवळ सरळ, आणि उजवीकडे बारीक आवाजांच्या बाजूला ती एकदम खाली कोसळलेली.

वहिनी दारात उभ्या होत्या. "म्याच नेलं होतं त्यायले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हने मशीन लावा. यायनं म्हटलं, कानात मशीन असलेल्या मानसापाशी कोन गानं घेऊन येईन. मले शपथ घातली कोनाले सांगाची नाही." आणि त्या चहा टाकायला गेल्या.

प्राजक्ता त्या कागदाकडे पाहत राहिली. मग तिनं भाऊंनी केलेला मूळ ‘दुबार’ उघडला आणि कागदावर जिथं जितकी रेघ खाली गेली होती तितका, अंदाजानं, बारीक आवाज कमी केला. भाऊंच्या कानांनी जे गाळलं असेल ते तिनं गाळलं. मग क्लॅरिनेटचं गाणं लावलं.

काका अगदी समोर बसून वाजवत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्यांच्या बोटांखालच्या चाव्यांची टकटकही. मागे बाया होत्या, त्यांच्यात अंतर होतं, कोण पुढं बसलंय नि कोण खांबाला टेकून, तेही कळत होतं. सलीमचे ड्रम त्या रिकाम्या गोदामाच्या कोपऱ्यातून येत होते, आणि प्राजक्ताचे कॉम्प्युटरचे ठोके त्या सगळ्यांच्या खालून असे चालले होते की वेगळे काढता येऊ नयेत. पुण्याहून मी जे करून आणलं होतं ते ह्याच्यापुढे सपाट होतं. बाहेरच्या कुणालाही हे असं ऐकता आलं नसतं, आणि भाऊंनी चार महिने रोज हेच ऐकलं होतं. सलीम उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या तेव्हा गाणं संपत होतं. त्या ट्रे हातात तसाच धरून थांबल्या.

"एक विचारू का?" त्या मला म्हणाल्या. "खरं सांगा. त्यायनं बिघडवलं होतं का हो तुमचं गानं?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "आम्ही बिघडवलं. त्यांचं खूप चांगलं होतं."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. एकेक कप आमच्या हातात दिला, सलीमला भिंतीपाशी नेऊन दिला. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "हे तवा सांगाले पाह्यजे होतं तुमी. वर्षभर अंगनातल्या बाजेवर नुसता बसून राहे तो मानूस."

आणि भिंतीवरच्या वाकळी काढायला लागल्या.